मांजर म्हातारं झालं की काय होतं? 'वय झालं' म्हणून सोडून दिली जाणारी दुखणी आणि त्यांवरचे उपाय

घरातलं मांजर बारा-चौदा वर्षांचं झालं की एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "आता वय झालं त्याचं." खाणं कमी झालं, वय झालं. कपाटावर उडी मारत नाही, वय झालं. रात्री दोन वाजता घरभर ओरडत फिरतं, तेही वय झालं म्हणूनच. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टींमागे बहुतेक वेळा तपासणीत सापडणारा आजार असतो. त्यातले काही बरे होतात, बरेचसे औषधांनी आटोक्यात राहतात आणि जे आटोक्यात राहत नाहीत त्यांतही मांजराचा त्रास कमी करता येतो. त्यासाठी आजार वेळेत लक्षात यायला हवा आणि मांजराच्या बाबतीत नेमकं तेच अवघड असतं.

किती वर्षांचं मांजर म्हातारं?

पशुवैद्यकात साधारण दहा वर्षांपुढचं मांजर ज्येष्ठ मानलं जातं. माणसाच्या वयाशी तुलना करायची तर दहा वर्षांचं मांजर साधारण 56 वर्षांच्या माणसाएवढं, पंधरा वर्षांचं 76 आणि वीस वर्षांचं 96. म्हणजे या वयात मांजराचं एक वर्ष माणसाच्या चार वर्षांइतकं जातं. दहा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करा असं डॉक्टर सांगतात, तेव्हा अनेकांना ते जास्त वाटतं. हिशेब केला तर ती माणसाने दोन वर्षांतून एकदा केलेल्या तपासणीएवढी होते.

घरात राहणारी, नसबंदी आणि लसीकरण झालेली मांजरं पंधरा वर्षांपर्यंत पोहोचणं आता नवलाचं राहिलेलं नाही. गिनीज बुकात सर्वाधिक जगलेलं मांजर म्हणून नोंद आहे ती अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या 'क्रीम पफ' या भाटीची. ती 1967 ते 2005, म्हणजे 38 वर्षं जगली. हा अर्थात अपवाद. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजराचं नेमकं वय बहुधा कुणालाच माहीत नसतं. डॉक्टर दात आणि डोळे पाहून अंदाज सांगतात, तो दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतो.

दुखणं लपवणारा प्राणी

मांजर स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही असतं. पाळीव मांजर ज्या आफ्रिकी रानमांजरापासून आलं, ते एकटं राहणारं. अशा प्राण्याने अशक्तपणा दाखवला तर जिवावर बेतण्याची शक्यता जास्त. त्यामुळे मांजर लंगडण्याऐवजी चालणंच कमी करतं, कण्हण्याऐवजी पलंगाखाली जाऊन बसतं.

मरायच्या वेळी मांजर घर सोडून निघून जातं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. आजारी मांजर आडोसा शोधतं हे खरं. पण तेव्हा ते मरणाची जागा निवडत नसतं. त्याला दुखत असतं, म्हणून ते सुरक्षित वाटेल अशा कोपऱ्यात जातं. या समजुतीमुळे 'राहू दे त्याला एकटं' म्हणून जे दोन-तीन दिवस जातात, ते कित्येकदा उपचाराचे दिवस असतात. घुरघुर करणारं मांजर खुशीत असतं, हेही अर्धंच खरं. वेदना होत असताना, अगदी शेवटच्या तासांतही मांजरं घुरघुर करतात.

चेहऱ्यावरून वेदना ओळखण्यासाठी कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात. कान बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, नाकतोंडाचा भाग ताठरलाय का, मिशा ताठ पुढे आल्यात का आणि डोकं खांद्यांच्या पातळीखाली झुकलंय का. झोपेत नसलेल्या मांजरात यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याला दुखतंय असं समजायला हरकत नाही.

घरच्या घरी काय पाहायचं?

सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे वजन. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन घटलं तर ते 70 किलोच्या माणसाचं सात किलो घटण्यासारखं आहे. एवढा फरक केसाळ अंगावर डोळ्यांना दिसत नाही. उचलून घेतल्यावर मणके हाताला लागू लागतात तेव्हा बराच काळ गेलेला असतो. म्हणून महिन्यातून एकदा वजन करून ते लिहून ठेवावं. माणसांच्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, ही पद्धत चालते. पण लहान बाळांचा काटा मिळाला तर ग्रॅमचा फरकही कळतो.

दुसरी गोष्ट पाणी आणि लघवी. मांजर पूर्वीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागलं, बाथरूममधल्या बादलीत तोंड घालू लागलं, लिटरमध्ये लघवीचे गोळे मोठे आणि जास्त निघू लागले, तर त्यामागे मुख्यतः तीन आजार असू शकतात. किडनीचा विकार, थायरॉइड किंवा मधुमेह. तिन्ही रक्त-लघवीच्या तपासणीत सापडतात. गावाकडे आणि चाळींमध्ये बरीच मांजरं बाहेर जाऊन उरकतात, त्यामुळे हा पुरावा घरच्यांना दिसतच नाही. अशा मांजराला दहाव्या वर्षाच्या आसपास घरात लिटरची सवय लावली तर पुढे फार सोपं जातं.

याशिवाय अंग चाटून साफ करणं कमी झालं, पाठीवर केसांच्या जटा झाल्या, एका बाजूनेच चावतंय, तोंडाला घाण वास येतोय, असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. दवाखान्यात टेबलावर बसवलेलं मांजर भीतीने ताठ होतं आणि घरी दिसणारं एकही लक्षण दाखवत नाही. तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

किडनी: म्हाताऱ्या मांजराचं सर्वांत नेहमीचं दुखणं

दहा वर्षांपुढच्या मांजरांत दीर्घकालीन किडनी विकाराचं प्रमाण 30 ते 40 टक्क्यांच्या घरात सांगितलं जातं. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. भक्ष्यातून मिळणाऱ्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, अशी त्यांच्या शरीराची रचना. उतारवयात किडनी थकली की ही लघवी घट्ट करण्याची क्षमता आधी जाते. मग पाणी शरीराबाहेर जातं, ते भरून काढायला मांजर जास्त पितं आणि तरीही आतून कोरडं पडत राहतं. त्यामुळेच 'भरपूर पाणी पितंय, म्हणजे किडनी चांगली' हा घरचा निष्कर्ष उलटा पडतो.

अडचण अशी की रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं जवळपास 75 टक्के काम बंद पडलेलं असू शकतं. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे रोडावलेल्या मांजरात ते फसवं कमी दिसतं. 2015 पासून वापरात आलेली एसडीएमए ही चाचणी हा बिघाड त्याआधी पकडू शकते. लघवीची घनता तपासणं तर त्याहून स्वस्त आणि तितकंच महत्त्वाचं आहे. मात्र लघवी गोळा करण्याच्या कटकटीमुळे ही तपासणी बऱ्याचदा राहून जाते.

या विकाराचे चार टप्पे मानले जातात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या टप्प्यात निदान झालेली मांजरं मध्यमानाने 1151 दिवस जगली, तिसऱ्या टप्प्यातली 778 दिवस आणि चौथ्या टप्प्यातली 103 दिवस. या आकड्यांवरून कुठल्याही एका मांजराचं भविष्य सांगता येत नाही. पण दुसऱ्या टप्प्यात सापडलेला आजार आणि चौथ्या टप्प्यात सापडलेला आजार यांत किती अंतर आहे ते कळतं. तीन वर्षं म्हणजे मांजराच्या हिशेबाने एक तपच.

किडनी पूर्ववत होत नाही. उपचाराचा हेतू राहिलेलं काम टिकवणं आणि मळमळ, अशक्तपणा कमी करणं हा असतो. यात सर्वांत भक्कम आधार आहे तो आहाराला. किडनीसाठी बनवलेल्या खाद्यात फॉस्फरस कमी असतो आणि ते खाणारी मांजरं जास्त काळ जगतात असं अभ्यासांत दिसलं आहे. पण इथे एक खाच आहे. मांजर मळमळत असताना, उलट्या होत असताना नवं खाद्य पुढे केलं तर त्या चवीचा आणि त्रासाचा संबंध त्याच्या डोक्यात कायमचा बसतो. मग ते खाद्य ते पुन्हा तोंडात घेत नाही. म्हणून आधी मळमळ थांबवायची, मग दोन-तीन आठवड्यांत जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत नवं आणायचं. तरीही नाहीच खाल्लं, तर साधं खाद्य पोटभर खाणारं मांजर उपाशी राहणाऱ्यापेक्षा बरं. या बाबतीत घरच्यांनी स्वतःला फार दोष देऊ नये. आवडनिवड हा मांजराचा स्वभावच आहे.

पुढच्या टप्प्यांत चामडीखाली सलाइन द्यावं लागतं. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालणं दवाखान्यात एक-दोनदा शिकून अनेक जण घरी करू लागतात. सलाइन अंगाच्या तापमानाएवढं कोमट केलं तर मांजर कमी कुरकुरतं. किती आणि किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं, कारण हृदय कमजोर असलेल्या मांजराच्या छातीत जास्तीचं पाणी साचू शकतं.

जपानमध्ये टोरू मियाझाकी हे संशोधक 'एआयएम' नावाच्या प्रथिनावर काम करत आहेत. मांजराच्या रक्तात हे प्रथिन असतं, पण ते दुसऱ्या प्रथिनाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की किडनीतला कचरा साफ करायला सुटतच नाही, असं त्यांच्या अभ्यासात आढळलं. करोनाकाळात हे संशोधन पैशांअभावी अडल्याची बातमी 2021 मध्ये आली आणि जपानी मांजरप्रेमींनी टोकियो विद्यापीठाकडे देणग्यांचा पाऊस पाडला.

थायरॉइड, रक्तदाब, सांधे, दात

म्हातारं मांजर अधाशासारखं खातंय आणि तरी वाळत चाललंय, रात्री मोठ्याने ओरडतंय, एका जागी बसत नाही, असं दिसलं तर थायरॉइड वाढल्याची शंका घ्यावी. मांजरांमधला हा आजार पहिल्यांदा 1979 मध्ये नोंदवला गेला. माणसांना दिली जाणारी मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल हीच औषधं मांजरालाही लागू पडतात, मात्र मात्रा अगदी वेगळी. या आजारात किडनीकडे रक्त जोरात वाहतं, त्यामुळे किडनीचा बिघाड झाकला जातो आणि थायरॉइड आटोक्यात आल्यावर तो उघडा पडतो. औषधाने किडनी खराब केली, असा समज तेव्हा होतो. म्हणून औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणं गरजेचं.

किडनी आणि थायरॉइड दोन्हींसोबत रक्तदाब वाढतो. तो न मोजल्यामुळे काही मांजरं एका रात्रीत आंधळी होतात. डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. सकाळी मांजर भिंतीला धडकतंय आणि बाहुल्या मोठ्याच राहिल्यात, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लवकर उपचार झाला तर काही वेळा थोडी दृष्टी परतते.

सांध्यांचं दुखणं तर जवळपास सगळ्यांनाच. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. अमेरिकेतला हा अभ्यास 2002 चा. उडी मारण्याआधी घुटमळणं, जिना एकेक पायरीने उतरणं, लिटरच्या बाहेर शी करणं ही त्याची चिन्हं. शेवटच्या लक्षणासाठी मांजराला मार किंवा ओरडा बसतो, हे फार वाईट. उंच कडेच्या ट्रेमध्ये चढताना त्याला दुखत असतं. ट्रेच्या जागी कमी काठाची जुनी परात ठेवली तरी कित्येकदा प्रश्न सुटतो.

दात दुखणारं मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं आणि निघून जातं. भूक असते, चावता येत नाही. 'या वयात भूल कशी द्यायची' या भीतीने दात काढणं टाळलं जातं. तपासण्या ठीक असतील तर वय हेच एक कारण भूल नाकारायला पुरेसं नसतं. किडलेला दात निघाल्यावर आठवड्यात मांजर पुन्हा खेळू लागल्याचा अनुभव डॉक्टरांना नवा नाही.

घरातल्या डब्यातली औषधं नकोत

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध मोडण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही तसेच धोक्याचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमच्या बोक्याला अर्धी गोळी दिली होती' असा सल्ला मिळाला तरी तो आपल्या मांजरावर वापरू नये. लिलीच्या फुलांचा गुच्छही घरात नको. परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी किडनी बंद पडते.

खाण्याचं म्हणाल तर दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला उतारवयात दूध पचेनासं होतं. खारवलेली सुकट आणि सुके बोंबील बंद करावेत. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा मासा आजाऱ्याची भूक चाळवायला चांगला, पण कायमचा आहार म्हणून अपुरा आहे. खाणं जरा कोमट केलं की वास येतो आणि मंदावलेल्या नाकालाही ते कळतं. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तोच एक नवा जीवघेणा आजार होऊन बसतो.

गोळी दिल्यावर सिरिंजने चार-पाच मिली पाणी हळूहळू पाजावं, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

तोंड उघडून धापा टाकणं, मागचे पाय अचानक लुळे पडून किंचाळणं, दिवसभर लघवी न होणं, झटके येणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी थांबू नये. झोपलेल्या मांजराचे श्वास मोजणं सोपं आहे. मिनिटाला तीसपेक्षा जास्त वारंवार येत असतील तर हृदय किंवा फुप्फुसांत काहीतरी बिघडलंय.

घरात काय बदलायचं

फार काही लागत नाही. खिडकीखाली एक स्टूल, गुळगुळीत लाद्यांवर तरट किंवा जुनी गोधडी, दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या पसरट वाट्या, रात्री एक मंद दिवा. म्हातारी मांजरं नख्या घासत नाहीत. त्या जाड होऊन वळतात आणि तळव्यात रुततात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी कापाव्यात. डिसेंबरच्या थंडीत रोडावलेल्या मांजराला गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्यावी.

खर्च, घरचे आणि शेवटचा निर्णय

महिनोन्महिने औषधं, खास खाद्य, दर काही आठवड्यांनी रक्त तपासणी हा खर्च बऱ्याच घरांना झेपत नाही, आणि 'मांजरावर एवढा पैसा?' हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'बैलघोडा', आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने यांच्याकडे खासगीपेक्षा कमी खर्चात उपचार मिळू शकतात. जमणारी रक्कम डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगितली तर ते त्यात बसणारे उपचार निवडून देऊ शकतात. वेदना आणि मळमळ थांबवणारी औषधं तुलनेने स्वस्त असतात आणि मांजराचा दिवस बरा जाणं बऱ्याच अंशी त्यांच्यावरच असतं.

एक दिवस असा येतो की सलाइन, इंजेक्शन, सिरिंजने भरवणं यातच मांजराचा सगळा जागेपणा जातो. हा दिवस ओळखण्यासाठी ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य महिलेने 2004 मध्ये एक गुणपत्रिका सुचवली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. दहा म्हणजे उत्तम. एकूण 35 च्या वर असेल तर काळजी घेत राहण्यात अर्थ आहे, असं मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण दिले तर आणखी बरं. रोज भरवणाऱ्याला जे दिसत नाही ते कधीकधी आठवड्याने घरी येणाऱ्या मुलाला दिसतं. त्याहून साधी पद्धत म्हणजे कॅलेंडरवर चांगल्या दिवशी बरोबरची खूण आणि वाईट दिवशी फुली.

दयामरणाबद्दल आपल्याकडे संकोच आहे. 'जीव घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला' असं मानणारे अनेक जण असतात आणि त्यांची भावना खोटी नाही. पण नैसर्गिक मरण म्हणजे झोपेत शांतपणे जाणं, ही कल्पना किडनी निकामी झालेल्या मांजराला क्वचितच लागू पडते. तिथे कित्येक दिवसांची मळमळ, तोंडातले व्रण आणि कधी झटके असतात. इंजेक्शनचा मार्ग निवडला तर आधी गुंगीचं औषध देऊन मांजराला झोपवतात, मग भुलीचं औषध मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं जातं. शुद्ध काही सेकंदांत जाते, हृदय काही मिनिटांत थांबतं. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास येऊ शकतो, लघवी होऊ शकते. हे आधी माहीत असलं तर जवळ बसलेला माणूस घाबरत नाही. काही डॉक्टर घरी येऊन हे करतात. हा मार्ग नको असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, म्हणजे शेवटच्या दिवसांसाठी जोरकस वेदनाशामकं आणि मळमळीची औषधं हाताशी ठेवता येतात.

अंत्यसंस्कारासाठी मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांची गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. इतर शहरांत काय सोय आहे, हे पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आधीच विचारून ठेवावं. गावात मातीत पुरायचं असेल तर खड्डा विहिरीपासून लांब आणि कुत्री उकरणार नाहीत एवढा खोल हवा. दयामरण दिलेल्या मांजराच्या बाबतीत हे जास्तच पाळावं, कारण शरीरातलं औषध ते खाणाऱ्या प्राण्यालाही मारू शकतं.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याला मृत मांजराचा वास घेऊ द्यावा की नाही, यावर मतं वेगवेगळी आहेत. बरीच मांजरं नंतर काही दिवस सोबत्याच्या झोपायच्या जागी जाऊन हाका मारतात, कमी खातात. त्यांच्या जेवणाच्या वेळा बदलू नयेत, गोधडी लगेच धुवायला टाकू नये. आणि तेही दहाच्या पुढचं असेल, तर त्याचं वजन त्याच आठवड्यात करून घ्यावं.